हलगीची जागा

"बाकी सगळं भारी आहे, फक्त थोडा मातीचा वास पाहिजे," असा निरोप पुण्याहून आला आणि माझं डोकं फिरलं.

आम्ही तिघं मेटल वाजवतो. गिटारवाला तिसगावचा, बागायतदाराचा मुलगा, पॉलिटेक्निकपासूनचा माझा दोस्त. गाणारी सावेडीची. दिवसभर क्लासमध्ये दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवते आणि संध्याकाळी बास गिटार गळ्यात अडकवून अशी गुरगुरते की नवखा माणूस आधी दाराकडं बघतो. ड्रमवर मी. नगरच्या एमआयडीसीत वेल्डिंगच्या दुकानाशेजारी एक गाळा भाड्यानं घेतलाय, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. शेजारी ग्राइंडर चालू असतो, त्यामुळं आमच्या आवाजाबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही. उलट वेल्डिंगवाला एकदा म्हणाला, "तुमचं चालू असलं की आमच्या पोरांचे हात भराभर चालतात." एवढी दाद आम्हाला कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही मिळाली नव्हती.

पुण्याचा कार्यक्रम आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. तोवर आम्ही गॅदरिंगला वाजवलं होतं, एका हॉटेलच्या गच्चीवर वाजवलं होतं आणि एकदा चक्क एका शोरूमच्या उद्घाटनाला, जिथं मालकानं दुसऱ्याच गाण्याला आमच्यापुढं हात जोडले. पुण्यात खरं स्टेज होतं, खरे स्पीकर होते आणि समोर मेटल ऐकायलाच आलेली माणसं असणार होती. आयोजकांना आमचं रेकॉर्डिंग आवडलं होतं. पण असं वाजवणारे खूप आहेत म्हणे, तुमच्यात नगरचं काय आहे?

"गाळ्यात ऑइलचा वास येतो, तो चालेल का विचार," मी म्हणालो.

गिटारवाला हसला नाही. त्याच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. "हलगी घालू," तो म्हणाला. "मधल्या तुकड्यात आपण सगळ्यांनी थांबायचं. नुसती हलगी कडाडणार. आन् मग एकदम तिघं अंगावर! इचार कर लेका!"

मी विचार केला नाही, भांडलो. मेटल म्हणजे मेटल. त्यात बासरी घाला, ढोलकी घाला, सतार घाला, असं करत गेलं की शेवटी लग्नातला ऑर्केस्ट्रा उरतो. ज्यांना मेटल झेपत नाही त्यांच्यासाठी ते पातळ करायचं कशाला? "मिसळीवर श्रीखंड घालतं का कुणी?" मी ओरडलो.

"अरे बाबा, तिचं नावच मिसळ आहे," गाणारी म्हणाली. तिचं म्हणणं असं, की मेटल काय आभाळातून पडलंय का? त्यातही कुठनं कुठनं काय काय आलेलंच आहे, नाहीतर ते इतकं वाढलं नसतं. "तू दोन पायांनी जे धडधडवतोस ते काय तुझ्या आजोबांनी शोधून काढलंय?"

"आजोबांचं नाव काढू नको."

ती चपापली. तिला काहीच माहीत नव्हतं. गिटारवाल्याला मात्र माहीत होतं, आणि त्याचे तर डोळेच चमकले. "आरं तेच तर म्हनतोय मी! तूच वाजव ना. तुमच्याकडं हुतीच की हलगी."

तुमच्याकडं! तुमच्याकडं विहीर आहे, तुमच्याकडं आंबा आहे, असं म्हणावं तितक्या सहज म्हणाला तो. वाईट हेतू नव्हता, शपथेवर सांगतो. म्हणूनच जास्त लागलं. मी काठ्या ठेवल्या, गाडीला किक मारली आणि सोलापूर रोडला लागलो. कुठं जायचं होतं म्हणाल तर कुठंच नाही. पेट्रोलचा काटा खाली आला तेव्हा परत फिरलो.

आमचं मूळ गाव कर्जत तालुक्यात. गावची हलगी माझ्या आजोबांकडं असायची. लग्न, जत्रा, पोळ्याची मिरवणूक, कुणाची मयत. हाक आली की निघायचं. पुढं आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला, गावकीची कामं सोडली, तेव्हा आजोबांनी हलगी खाली ठेवली ती कायमची. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि आम्ही नगरला आलो. दादा म्हणतो मी त्यांना. घरात नियम एकच होता आणि तो कुणी बोलून दाखवलेला नव्हता: हलगी उंबऱ्याच्या आत नाही. टीव्हीवर लागली तरी दादा रिमोट शोधायला लागायचे. लहानपणी मी डबे बडवायचो. पत्र्याचा डबा वाजवला की ते येऊन हळूच काढून घ्यायचे. टेबल वाजवलं तर काही म्हणायचे नाहीत. मी टेबल वाजवत मोठा झालो.

आणि मग होस्टेलवर ह्याच गिटारवाल्यानं इअरफोनचं एक बोंड माझ्या कानात खुपसलं. काय होतं ते, देवा! शब्द कळत नव्हते, भाषा कळत नव्हती, पण छातीत कुणीतरी दार उघडून आत शिरलं. त्या आवाजात कुणी आडनाव विचारत नव्हतं. ते संगीत आमच्या गावचं नव्हतं, हाच त्याचा मोठा गुण. शिवाय हलगी उभ्यानं वाजवायची, नवरदेवाच्या घोड्यापुढं चालत, ऊन असो की पाऊस, आणि जेवायला सगळ्यांच्या मागून. ड्रम बसून वाजवायचे. ड्रमरच्या स्टुलाला इंग्रजीत सिंहासनच म्हणतात. हे कळलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसत सुटलो होतो. नोकरी लागल्यावर लोक आधी ड्रम घेतात, मी आधी ते स्टूल घेतलं.

तर माझ्या शुद्ध मेटलच्या वेडाचं मूळ हे असं होतं. लोकांना वाटायचं मी फार तत्त्वाचा माणूस. तत्त्व कसलं डोंबलाचं! मला भीती होती. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेल, बरं झालं, आता ऊठ आणि तुमचं ते वाजव.

पुढचा आठवडा मला बसवेना की उठवेना. कामावर मी पार्ट तपासतो, गेज लावून. गेज हातात आणि बोटं टेबलावर. सुपरवायझर म्हणाला, "अंगात आलंय का रे?" घरी आई म्हणायची, "बसल्या जागी पाय हलवू नये, चांगलं नसतं." पाय थांबवला की बोटं सुरू, बोटं थांबवली की दात. आणि सगळ्यात संताप कशाचा, तर बोटं वाजवत होती ती हलगीच. कडकड-कडाड, कडकड-कडाड. रक्तात असतं वगैरे मी मानत नाही. रक्तात हिमोग्लोबिन असतं. लहानपणी लग्नांत ऐकलेलं डोक्यात बसतं, एवढंच. गिटारवाल्याच्याही बसलंच होतं की.

रविवारी तो हलगी घेऊनच आला. एका बँडपार्टीवाल्याकडून मागून आणलेली, चकचकीत स्टीलच्या कड्याची. मधोमध ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू नको वाजवू. नुसता आवाज तरी आयकू." गाणारीनं त्याला झापलं असावं, कारण बोलताना तो तिच्याकडं बघत होता.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. म्हटलं, करा काय करायचं ते.

"आधी शेकावी लागती," तो म्हणाला. "शेकल्याबिगर हलगी बोलत न्हाई. आमच्या गावात मी बारका असल्यापासून बघतोय." त्यानं गाळ्याबाहेर वाळलेलं गवत गोळा केलं, अंड्यांचा एक ट्रे फाडून त्यावर टाकला, काडी ओढली. आम्ही तिघं आणि शेजारची वेल्डिंगची पोरं गोल उभे. त्यानं दोन्ही हातांनी हलगी जाळावर धरली, अगदी मोठ्या माणसांसारखं तोंड करून. तिरकी केली, फिरवली, कान लावला. आणि बघता बघता हलगीचं तोंड पापडासारखं गोळा झालं. वळ्या पडल्या, मधे भोक पडलं आणि जळक्या बादलीचा वास सुटला.

हलगीच्या तोंडावरचं पान प्लास्टिकचं होतं. आजकाल बहुतेक हलग्या तसल्याच असतात. पाऊस आला तरी ढिल्या पडत नाहीत. कातड्याची हलगी शेकतात, ही शेकायची नसते. आम्हा तिघा शिकलेल्या दगडांपैकी एकालाही हे सुचलं नाही. आम्ही शेकताना लांबून पाहिलेलं, हातात कुणी धरलेली नव्हती.

"पापड भाजला! पापड भाजला!" वेल्डिंगची पोरं नाचायला लागली. गिटारवाल्याचा चेहरा असा झाला होता की मी आठवडाभराचा राग विसरून पोट धरून खाली बसलो.

रात्रीच्या जेवणाला मी हे घरी सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण हसू आवरेना. आईनं घाबरून दादांकडं पाहिलं. दादांचा घास हातातच राहिला, आणि मग ते असे हसले, असे हसले की डोळे पुसायला टॉवेल घ्यावा लागला. "प्लास्टिकची हलगी शेकली! आरं देवा!" मी त्यांना हलगी हा शब्द उच्चारताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग हसू ओसरलं. "कोन वाजवनार हुता?" त्यांनी विचारलं.

"मला म्हणत होते."

त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता संपलं.

"तुज्या आज्याला हलगीचा राग न्हवता," दादा म्हणाले. "लई ग्वाड वाजवायचा म्हनं. राग हाकंचा हुता. ताटावर बसलेला आसला तरी हाक आली की ताट सारून उठायचं. लगीन त्येंचं, मयत त्येंची, आन् उठायचं आपुन. त्यानं वाजवनं सोडलं न्हाई, पोरा. उठनं सोडलं."

"मग वाजवू का?"

"मला काय इचारतो? तुला वाटलं तर वाजव. पर कुनी ऊठ म्हनलं म्हनून उठू नको."

एवढं बोलून त्यांनी भात मागितला. मला त्या रात्री शांत झोप लागायला हवी होती, नाही का? छे. उलट जास्तच वळवळत राहिलो. मनाई असती तर बरं झालं असतं, भांडायला तरी भिंत होती. आता सगळं माझ्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात सांगून टाकलं. "हलगी घालू. पण वाजवायची ह्यानं. कल्पना ह्याची, हातही ह्याचाच."

"मी?" गिटारवाला म्हणाला.

"तू. फोड येऊ देत. मी बसल्या जागेवरून हलणार नाही."

तो दोस्त आहे माझा, आणि पठ्ठ्या आहे. मान्य केलं. कर्जतच्या बाजारातून एका वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडून कातड्याची खरी हलगी विकत घेतली, त्याच्याच ओट्यावर बसून शिकला. गिटारसाठी नखं सांभाळणारा माणूस, त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या लागल्या. सुरुवातीला गारा पत्र्यावर पडाव्या तसं वाजवायचा. हळूहळू ठेका बसला.

आणि एके दिवशी तो तुकडा जमला. मी आणि गाणारी थांबलो, आणि त्या शांततेत हलगी एकटी कडाडली. अंगावर सर्रकन काटा आला. मग आम्ही तिघं एकदम कोसळलो. बाहेर ग्राइंडर बंद पडला होता. वेल्डिंगवाला दारात चष्मा कपाळावर चढवून उभा होता.

"श्रीखंड कसं लागलं?" गाणारीनं विचारलं.

"गप बस," मी म्हणालो. पण मानलं मी. मनापासून मानलं. मिसळायला माझी हरकत उरली नव्हती. फक्त मिसळणाऱ्यानं स्वतःच्या घरचं काहीतरी पातेल्यात टाकावं. दुसऱ्याचा डबा उघडून ओतायचा आणि वर मातीचा वास म्हणायचं, हे नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तो सरावासाठी हलगी तिसगावला घेऊन गेला. आणि निघायच्या सकाळी, आम्ही टेम्पोत ड्रम चढवत असताना, तो पाठीवर गिटार लावून आला. हात मोकळे.

"हलगी?"

तो बाटलीतलं पाणी प्यायला. "अण्णांनी देऊन टाकली." अण्णा म्हणजे त्याचे वडील.

त्याच्या लग्नाचं चाललं होतं. आदल्या दिवशी मुलीकडचे पाहुणे घर बघायला येणार होते. अण्णांनी सकाळी ओसरीवर हलगी टांगलेली पाहिली. हे काय आपल्या घरात ठेवायचं काम हाय का, पावणे काय म्हनतील, म्हणून आधी गोठ्यात नेऊन ठेवली. ह्यानं परत आत आणली. तेव्हा त्यांनी गावातल्या वाजवणाऱ्यांपैकी एकाला बोलावून घेतलं आणि त्याच्या हातात दिली. ज्याचं त्याला शोभतं, म्हणाले.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी बोललो. लई बोललो." तो खाली बघत होता. "पावणे दारात आले, मग..."

मला हसावं की रडावं कळेना. एक हलगी, आणि दोन्ही घरांत तिला जागा नाही! आमच्या घरात नाही, कारण आम्ही तिच्यापायी काय भोगलं ते आम्हाला माहीत. त्यांच्या घरात नाही, कारण तिच्या आवाजावर पिढ्यान् पिढ्या नाचूनही ती आमचीच. मी टेम्पोत बसलो.  शिरूर येईपर्यंत माझे दोन्ही पाय टेम्पोचा पत्रा बडवत होते.

शिरूरच्या पुढं तो हळूच म्हणाला, "पुण्यात हलगी मिळंल. पर माझा हात न्हाई चालनार आज. आजच्या दिवस तू ऊठ ना, राव. तेवढा तुकडा वाजव आन् परत बस."

"टेम्पो थांबवा," मी म्हणालो.

रस्त्याच्या कडेनं तरातरा चालत सुटलो. ट्रक जात होते, धूळ तोंडावर येत होती. मनात आलं, जाऊ दे पुणं, इथूनच एसटी धरावी. मग वाटलं, वाजवलं तर काय झिजतं? मला येतं. त्याच्यापेक्षा चांगलं येईल. लोक वेडे होतील. दादांनीच सांगितलंय, वाटलं तर वाजव. मला वाटत होतं का? वाटत होतं, खोटं कशाला बोलू, हात शिवशिवत होते. पण तो ऊठ म्हणाला होता. हाक आली होती. आणि मी वाजवलं असतं तर अण्णांचंच खरं झालं असतं: ज्याचं त्याला.

परत येऊन मी टेम्पोच्या दारात उभा राहिलो. "मी उठणार नाही. आणि ती जागा भरायचीही नाही. हलगी वाजायची तेवढा वेळ तिघांनी गप्प बसायचं. मोकळी सोडायची."

"लोक म्हनतील, वायर निघाली," गिटारवाला म्हणाला.

"म्हणू देत."

गाणारीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "चालेल," ती म्हणाली. "मी मनात मोजते."

ऊन उतरता उतरता आमची पाळी आली. स्टेज मोठं, समोर काळ्या टी-शर्टांची गर्दी. मी स्टुलावर बसलो आणि कितीतरी दिवसांनी पाय शांत झाले. पहिली गाणी कशी गेली आठवत नाही. मग ते गाणं. गाणारी गुरगुरली, गिटार कापत गेली, मी दोन्ही पायांनी जमीन हलवली, आणि ती जागा आली.

आम्ही थांबलो.

मी काठ्या मांडीवर ठेवल्या. समोर कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी ओरडलं, "काय झालं?" साउंडवाला धावत पुढं आला. मी त्याला हातानं थांब म्हणालो. आतल्या आत हलगी चालू होती, कडकड-कडाड, अख्खी. मी गिटारवाल्याकडं पाहिलं. तो तारांवर हात दाबून उभा होता, आणि त्याची चिकटपट्टी लावलेली बोटं गिटारच्या लाकडावर, आवाज न करता, ठेका धरत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गर्दी हळूहळू गप्प झाली. इतकी गप्प की रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले. मग गाणारीनं मान हलवली आणि आम्ही तिघं एकदम कोसळलो.

नंतर स्टेजमागं आम्ही केबली गुंडाळत होतो. तो आयोजक पळत आला, मातीचा वास मागणारा. हलगीचं तो विसरलाच होता. "तो मधला थांबा! काय होतं ते!" तो म्हणाला. "मेटलमध्ये असलं मी कधी ऐकलं नाही. कुठल्या संगीतातून घेतलंत? कुठून आणलंत?"

  गिटारवाल्यानं केबल खाली ठेवली.

"आमच्या घरून," तो म्हणाला.